हरकाऱ्याचा दगड

नवरात्र तोंडावर आलं आणि बाळकुमच्या आमच्या चौदाव्या मजल्यावर ते पिवळसर, कोरडं ऊन उतरायला लागलं की मला थकवा येतो. डॉक्टर म्हणतात, बी-ट्वेल्व्ह कमी आहे. असेल. पण तो गोळ्यांनी जात नाही आणि दिवाळीच्या फराळाचे डबे भरून झाले की आपोआप जातो. तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सहामाहीचे पेपर तपासण्याचे हेच दिवस, तेव्हा थकवा त्या गठ्ठ्यांचा असणार अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. मागच्या वर्षी निवृत्त झाले. गठ्ठे गेले आणि थकवा मात्र घरच्यासारखा वेळेवर आला.

यंदा त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या शैलाताईंनी एक जाहिरात टाकली. एकदिवसीय गडसफर, प्रशिक्षित गाइडसह, लढाईची कथा प्रत्यक्ष जागेवर. खाली गडाचं नाव होतं. मी फोन उलटा ठेवला आणि गवार मोडायला घेतली.

त्या गडाचं नाव इथेही सांगणार नाही. तो काही मोठा गड नाही. कल्याणहून एसटीने दीड तास आणि पुढे दोन-अडीच तासांची चढण. पाठ्यपुस्तकात त्याला अर्धी ओळही मिळालेली नाही. आणि नाव सांगितलं तर पुढे जे लिहिणार आहे त्याने एका चांगल्या मुलीची पंचाईत होईल. एकदा तोंड उघडून मी काय केलंय ते मला पुरेसं आठवतंय.

मी शाळा-कॉलेजात होते तेव्हा आम्ही डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो. वडील, म्हणजे अण्णा, औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कंपनीत होते. पावडर पिंपात भरायची, पिंपं लावायची, लेबलं चिकटवायची. आई त्यांचे रुमाल वेगळ्या बादलीत भिजवायची आणि बादलीतलं पाणी बघून कंपनीत कसला माल चालू आहे ते आम्हाला कळायचं. गणपतीत लाल, नवरात्रात बहुतेक निळा. 'अण्णांच्या घरी बारा महिने रंगपंचमी' असं चाळीतले लोक म्हणायचे आणि आम्हीही हसायचो. संध्याकाळी वारा फिरला की कुजक्या कोबीसारखा वास घरात शिरायचा, मग खिडक्या लावायच्या आणि पंखा वाढवायचा. कुणाला त्यात विशेष वाटत नसे. पोरं खोकायची, म्हातारे खोकायचे, हवा बदलली म्हणायचे.

अण्णांना खरं तर इतिहासाचे मास्तर व्हायचं होतं. मॅट्रिकनंतर लगेच पिंपं नशिबी आली. त्याची भरपाई ते वर्षातून सात-आठ रविवार करायचे. गणपती उठले की वाचनालयाच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात मजकूर यायचा. 'रविवारी गडसहल, माहितीसह. डबा स्वतःचा. चपला नकोत, बूट हवेत.' 'माहितीसह'खाली दोन रेघा. दिवाळीच्या आदल्या रविवारपर्यंत हा क्रम चाले. बँकेतले, पोस्टातले, शाळेतले असे वीस-पंचवीस लोक पहाटे कल्याणच्या डेपोत जमायचे. मी आठवीपासून जायला लागले, ती पाण्याचा मोठा कॅन सांभाळायला म्हणून.

त्या दिवसांचं सगळं अजून नाकात आहे. एसटीतून उतरलं की दोन्ही बाजूंना भाताच्या लोंब्या, थोड्या हिरव्या, थोड्या पिवळ्या, आणि त्यांचा तो गरम, गोडसर वास. बांधावर कुर्डूचे तुरे. तेरडा संपत आलेला आणि वरच्या अंगाला सोनकी नुकती सुरू झालेली. गवत कमरेपर्यंत वाढून वाळायला लागलेलं, चालताना सलवारीत कुसळं घुसायची आणि रात्रीपर्यंत टोचत राहायची. अण्णा पायथ्याशी उभे राहून एक मोठा श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "मंजू, हवा बघ. फुकट आहे, घे."

पायथ्याच्या गावात हिराबाईंचं घर होतं. तिथे आम्ही पाणी प्यायचो, जादाचं सामान ठेवायचो. हिराबाई पन्नाशीच्या, काटक, कपाळावर हिरवं गोंदण. त्याही आमच्याबरोबर अर्ध्या वाटेपर्यंत यायच्या, गवत कापायला. विळा कमरेला खोचलेला आणि तोंडाची टकळी चालू. शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी स्वतःहून डोंगर चढतात याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

गडाविषयीची अण्णांची सगळी माहिती वाचनालयातल्या एका जुन्या गॅझेटियरमधली होती. दीड पान. ते त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. गोऱ्यांच्या पलटणीने गडाला वेढा घातला, वर मूठभर शिबंदी होती, ती सगळा पावसाळा टिकली. मग याच दिवसांत गवत वाळलं, पलटणीने ते खालून पेटवलं आणि धुराच्या आडून माणसं वर चढली. एवढंच. अण्णा ते तीन जागी उभं राहून सांगायचे. खालचा दरवाजा, मधलं पाण्याचं टाकं आणि माथ्यावरचा बुरूज. हातवारे नाहीत, आवाज चढवणं नाही. घरातल्या कुणाचं तरी सांगावं तसं सांगायचे. "शेवटच्या आठवड्यात वर नाचणी होती, पण मीठ संपलं होतं," असं म्हणून ते थांबायचे. मग डबे उघडले जायचे तेव्हा लोक आपल्या बटाट्याच्या भाजीकडे वेगळ्याच नजरेने बघायचे.

मी दहावीत गेले त्या वर्षी त्यात पहाऱ्याची पायरी आली. बारावीत एका हिरड्याच्या झाडाखाली सल्लामसलत झाल्याचं कळलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी हरकाऱ्याचा दगड आला.

करवंदीच्या जाळ्यांतून जी खडी चढण आहे, ती संपते तिथे वाटेच्या कडेला एक काळा, बसका दगड आहे. वरून सपाट, दोन माणसं बसतील एवढा. अण्णा त्यावर टेकायचे आणि हळू आवाजात सांगायचे, की खालचा निरोप घेऊन एक हरकारा रात्रभर पळत आला. इथवर पोचला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. गडावरचे लोक उतरून आले, पण किल्लेदाराने सांगितलं, त्याला कुणी काही विचारायचं नाही. आधी त्याचा श्वास येऊ दे, निरोप मग. शत्रू खाली उभा होता, तरी सगळे गप्प उभे राहिले. "तेव्हा आपणही इथे जरा गप्प बसायचं," अण्णा म्हणायचे. पंचवीस माणसं गप्प बसायची. गवतातले किडे ऐकू यायचे. अण्णा डोळे मिटून असायचे.

लोकांना ती जागा फार आवडली. बुरुजापेक्षाही. पोस्टातले एक गृहस्थ तर म्हणाले, अण्णा, नुसत्या या दगडासाठी यावं.

मी त्या वर्षी बीएला इतिहास घेतला होता. नुकतीच 'साधनं', 'पुरावा', 'दंतकथा' असे शब्द शिकले होते आणि अर्ध्या हळकुंडाने चांगली पिवळी झाले होते. एका रविवारी कॉलेजच्या दोन मैत्रिणींना घेऊन गेले. त्या दगडापाशी सगळे गप्प बसले असताना एक मैत्रीण माझ्या कानाशी लागली, "हे खरं असतं का गं?" आणि मी मोठ्याने विचारलं, "अण्णा, हे कुठल्या साधनात आहे?"

अण्णांनी डोळे उघडले. "लोक सांगतात."

"कुठले लोक? गॅझेटियरमध्ये हरकारा नाहीये. मी वाचलंय ते दीड पान."

कुणीतरी हसलं. अण्णांनी तोंड पुसलं, रुमाल खिशात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मास्तरांसमोर उभ्या राहिलेल्या मुलासारखे म्हणाले, "बरं. तपासून बघू." आणि उठले. मला वाटलं, आपण सत्याची बाजू घेतली. घरी जाताना एसटीत मी खिडकीची जागा पकडून ऐटीत बसले होते.

पुढच्या रविवारी मैत्रिणी नव्हत्या, नेहमीचेच लोक होते. हिराबाई पुढे चालत होत्या. करवंदीची चढण संपली, दगड आला आणि अण्णा थांबलेच नाहीत. पोस्टातले गृहस्थ मागून ओरडले, "अहो अण्णा, हरकारा राहिला की!"

"तो खोटा निघाला," अण्णा न वळता, हसत म्हणाले. "आमच्या संशोधकबाईंनी शोध लावलाय."

सगळे हसले, मीही. वीस-पंचवीस पावलांवर त्यांनी कातळाला हात लावला. मग दुसरा हात लावला. मग वाटेतच खाली बसले आणि खोकू लागले, ते थांबेचना. मी पाण्याचा कॅन घेऊन गेले. त्यांचे ओठ निळे दिसत होते. त्या आठवड्यात कंपनीत निळाच माल चालू होता, बादली मी सकाळीच पाहिली होती, म्हणून मला आधी काही वाटलंसुद्धा नाही. रंग असेल म्हणून मी माझ्या ओढणीने त्यांचे ओठ पुसायला लागले. ओढणी कोरडी, पांढरीच राहिली.

हिराबाईंनी विळा बाजूला टाकला, अण्णांच्या पाठीशी गुडघा लावून त्यांना बसतं केलं. "बोलू नको दादा, गप बस." मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुज्या बापसाला त्या दगडाव बसाया लागतं गो. तीन वरसं बघतेय मी. आधी त्या झाडाखाली बसायचा, त्याच्या आधी पायरीव. तुला नाय दिसला?"

नाही दिसलं. मी साधनं तपासत होते.

पायरी, झाड, दगड. जिथे त्यांना धाप लागली तिथे त्यांनी इतिहास ठेवला होता. आधी गोष्टी लांबवून बघितल्या, पण बोलायलाही श्वास लागतो. मग ही गप्प बसायची युक्ती. एवढ्या माणसांना गप्प बसवून त्यांनी आपला श्वास गोळा केला आणि कुणाला कळू दिलं नाही. माझा बाप साधा माणूस होता, रेशनच्या रांगेतही कुणाच्या पुढे घुसला नाही. तो आयुष्यात एवढं एकच खोटं बोलला आणि ते मी लोकांसमोर पकडलं.

संध्याकाळी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला ठाऊक आहे. डॉक्टरांनी काम सोडा म्हणून सांगितलंय. हे म्हणतात, मंजूचं शिक्षण होऊ दे. आणि तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती."

"आणि मग चढतात कशाला, आई?"

"ती हवा नको का? सहा दिवस कंपनीतलं नाकात घेतात ते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मीही गप्प. दमणाऱ्या माणसाबरोबर कोण येईल गडावर?"

तो आठवडा कसा गेला ते आठवत नाही. अण्णा कंपनीत जात होते, येत होते. त्यांनी त्या दगडाचा विषय काढला नाही आणि मला माफी मागता आली नाही. आमच्या घरी माफी मागायची पद्धत नव्हती. कुणाचं चुकलं तर दुसऱ्या दिवशी चहा जरा जास्त गोड व्हायचा. मी सात दिवस गोड चहा केला. अण्णांनी तो निमूट प्याला.

रविवार आला. मी पाण्याचा कॅन दुसऱ्या कुणाकडे दिला आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागले. दगडापाशी पोचले, वळून उभी राहिले आणि दोन्ही हात पसरून वाट अडवली.

"थांबा. हा हरकाऱ्याचा दगड. मागे मी चुकीचं बोलले. मी कॉलेजात तपासलं, हरकारा खरा होता."

असं म्हणून मी सगळी गोष्ट सांगितली. अण्णांपेक्षा जरा रंगवूनच. आणि सांगता सांगता पुढचं आपोआप तोंडातून आलं. म्हटलं, "सगळे गप्प उभे होते. बऱ्याच वेळाने किल्लेदाराने विचारलं, 'आला का श्वास?' हरकारा म्हणाला, 'आला.' त्यानंतरच निरोप ऐकला. म्हणून इथे तसंच विचारायचं, आणि 'आला' असं उत्तर येईपर्यंत कुणी हलायचं नाही."

अण्णा दगडावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले. हिराबाई गवताच्या भाऱ्यावर बसून पदराने वारा घेत होत्या आणि त्याही, पहिल्यांदाच, गप्प होत्या. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "आला का श्वास?"

"आला," अण्णा म्हणाले.

त्या मोसमातले उरलेले रविवार असेच गेले. विचारायचं मी आणि उत्तर द्यायचं अण्णांनी, हे आमचं न ठरवता ठरलं. लोकांना ती गडाची जुनी चालरीत वाटायची. एकदा एका बाईंनी त्या दगडावर सोनकीची फुलं ठेवली. अण्णांनी ती उचलून बाजूला केली, मग त्यावर बसले आणि बसून झाल्यावर पुन्हा जागेवर ठेवली.

पुढच्या वर्षी फक्त एकच रविवार झाला, दिवाळीच्या आधीचा. दगडापर्यंत यायला आम्हाला दुप्पट वेळ लागला. मी विचारलं, "आला?" त्यांनी मान हलवली. लोक थांबले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "अजून नाही आला गं. तू ने यांना. बुरुजावर नीट सांग. मिठाचं विसरू नकोस."

मी वर गेले. वीस माणसांना बुरुजावर बसवून वेढा सांगितला, गवत सांगितलं, धूर सांगितला, मिठाचंही सांगितलं. आवाज चढवला नाही. मग कडेला जाऊन खाली पाहिलं. पिवळ्या गवतात तो काळा ठिपका होता आणि त्यावर अण्णा. त्यांनी रुमाल हलवला. एवढ्या उंचीवरूनही तो निळा आहे हे दिसलं.

पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी, खिडकीजवळच्या खाटेवर ते गेले. त्यांना उशांना टेकवून बसवावं लागायचं. मी जवळ होते. अधूनमधून 'आला?' म्हणून विचारायची सवयच लागली होती आम्हाला, आणि ते बोटाने 'थांब' म्हणायचे. त्या दुपारीही विचारलं होतं. बोट उचललेलं मी पाहिलं आणि थांबले.

नंतर मी त्या गडावर गेले नाही. वर्गात मात्र दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची, 'पुराव्याशिवाय इतिहास नाही.' मुलं वहीत उतरवून घ्यायची. खडूची पूड हाताला लागलेली बघून मला बादली आठवायची.

तर यंदा शैलाताईंनी नाव नोंदवून टाकलंच. आठ दिवस नाही नाही म्हणून मी गेले. आता पायथ्यापर्यंत डांबरी रस्ता झालाय, मोबाइलचा टॉवर झालाय, पण लोंब्यांचा वास तोच. गाइड म्हणून एक पंचविशीची मुलगी होती, तन्वी नावाची. टोपी, गळ्यात शिट्टी, बोलणं चुरचुरीत. "काकू, घाई नाही हां. गड कुठे पळून नाय चाललाय." पायरी दाखवली, झाड दाखवलं. माझे गुडघे बोलत होते आणि मी त्यांचंच ऐकत होते. करवंदीची चढण संपली, तेव्हा खरंच मला धाप लागली होती.

दगडाच्या एका कडेला शेंदूर लावलेला होता. शेजारी पत्र्याची पाटी, 'हरकाऱ्याचा दगड'. लोक बसून बसून त्याची वरची बाजू गुळगुळीत झाली होती. तन्वीने गोष्ट सांगितली. शब्द न् शब्द ओळखीचा. किल्लेदार, निरोप, सगळे गप्प. "हे पुस्तकात नाय मिळणार तुम्हाला," ती म्हणाली. "माझी आजी सांगायची. हिराबाई. ती इथे गवत कापायला यायची. शेवटपर्यंत या दगडाला हात लावल्याबिगर पुढे गेली नाय कधी."

हिराबाईंना सगळं ठाऊक होतं आणि तरी त्यांनी नातीला हरकाराच सांगितला.

शैलाताईंना राहवलं नाही. "अहो मंजूताई, तुम्ही तर इतिहासाच्या बाई. खरं का हो हे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तन्वीही. टोपीखाली तिचा चेहरा एकदम लहान झाला. असा चेहरा मी याच जागी आधी एकदा पाहिलेला आहे.

"खरं आहे," मी म्हटलं. "मी तपासलंय."

तन्वी हसली. मग तिने सगळ्यांना गप्प बसवलं. मला दगडावर जागा दिली, वयामुळे असेल. गवतातले किडे ऐकू यायला लागले. ऊन पाठीवर होतं. मी डोळे मिटले. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आला का श्वास?"

"आला!" सगळे एका सुरात ओरडले आणि उठून कपडे झटकायला लागले.

"थांबा गं," मी म्हटलं. "अजून नाही आला."

तन्वीने गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि सगळे पुन्हा खाली बसले.